पागडीचे आठशे पौंड

एक जिना, एक दार, एक कुलूप, आणि समोर चार बिऱ्हाडं. प्रत्येकाच्या हातात त्याच कुलपाची किल्ली. आता बोला!

लंडनजवळच्या इल्फर्डला घडलं हे, चौऱ्याण्णव साली, जूनच्या पहिल्या तारखेला. रूथ झिराडकर सगळ्यात आधी पोचली होती. हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरी उचलून उचलून तिचे दंड असे झाले होते की कुकर, गाद्या, शिलाई मशीन, सगळं तिनं एकटीनं तिसऱ्या मजल्यावर चढवलं. मुलगी सीमा मागून पोटाला हात लावून हळूहळू येत होती. सहावा महिना चालू होता. जावई खाली व्हॅनवाल्याशी भांडत होता.

एवढ्यात खालून एलिएझर पेणकरांची काठी वाजली. एलिएझरकाका म्हणजे समाजातलं मोठं माणूस. सणावाराला प्रार्थना तेच सांगायचे.

"काय गं रूथ, तू इथं कशी?"

"राहायला आलो की, काका. सीमाला जागा घेतली. तुम्ही?"

काकांनी खिशातली किल्ली काढून दाखवली.

आणि बघता बघता आणखी दोन कुटुंबं जिना चढून आली. सगळी आपलीच. बेने इस्राएल लोक, मराठी बोलणारे ज्यू, अलिबाग-पेणकडचे, नंतर भायखळ्याचे आणि मग इल्फर्डचे. जिन्यात चार कुकर झाले. कुणी कुणाकडे बघेना. शेवटी रूथनं हातातली किल्ली कुलपात घातली. फिरली. काकांची घातली, तीही फिरली. आणि आतून दार उघडलं ते एका म्हाताऱ्या गोऱ्यानं, कमरेला टॉवेल, तोंडाला साबणाचा फेस.

जागा त्याची. थंडीभर स्पेनला होता. या चौघांकडून पैसे घेऊन किल्ल्या वाटणाऱ्या हिलेल अष्टमकरकडे किल्ली ठेवून गेला होता, कुंड्यांना पाणी घालायला.

सीमा तिथंच कुकरवर बसली. "मम्मी," ती म्हणाली, "हा आपला घर नाय?"

इथंच जन्मलेली पोरगी. तिच्या मराठीत घरसुद्धा तो असतो. पण त्या दिवशी कुणी हसलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, एवढी शहाणी माणसं फसली कशी? कागद नाही बघितला? नाही बघितला. कारण त्या घरात मलिदा खाल्ला होता.

मलिदा म्हणजे आमच्याकडचा शिरस्ता. भिजवलेले पोहे, नारळ, साखर, वेलची, वर फळं मांडायची आणि एलियाहू हनबीचं, म्हणजे एलिया प्रेषिताचं, नाव घ्यायचं. नवस फेडायचा असेल, घरात काही चांगलं झालं असेल, तर करायचा. दुसऱ्याच्या घरात चोरून कुणी मलिदा करतं का? हिलेलनं केला. मार्च महिन्यात त्या गोऱ्याच्या दिवाणखान्यात त्यानं जाजम अंथरलं, बारा-पंधरा माणसं बोलावली आणि सांगितलं, "देवाच्या कृपेनं ही जागा घेतली. आता भाड्यानं देणार, पण आपल्या माणसालाच." काकांनी प्रार्थना सांगितली. पोहे कालवले रूथनं, स्वतःच्या हातानं. बाजूला बसून नारळ खवत होती मिरियम, हिलेलची बायको. मिरियम आणि रूथ भायखळ्याला एका चाळीत वाढल्या होत्या. एकीची वेणी दुसरी घालायची.

त्यानंतर कागद कोण मागतो? ज्यानं मागितला असता त्यालाच लाज वाटली असती.

पोलीस स्टेशनात सगळ्यांनी जबाब दिले. डिपॉझिट किती, आगाऊ भाडं किती, ते सांगितलं. एक गोष्ट कुणीच सांगितली नाही. पागडी. मुंबईत जागा घेताना वरचे रोख द्यावे लागतात ना, ती. हिलेलनं कानाशी येऊन म्हटलं होतं, "रूथबाय, इथंही तसंच असतं, फक्त इथले लोक बोलत नाहीत." तिनं आठशे पौंड लिफाफ्यात घालून दिले. नवऱ्याच्या मागं राहिलेल्या दोन पाटल्या मोडून. पागडी देणारा तोंड उघडत नाही, हे ती लहानपणापासून बघत आली होती. काळा पैसा तो. पोलिसाला सांगायचा म्हणजे आपणच आपले हात पुढं करायचे. बाकीच्या तिघांनीही असाच विचार केला असणार. कुणी कुणाला विचारलं नाही.

हिलेलला पकडलं आणि जामिनावर सोडलं.

मग एका दुपारी मिरियम रूथच्या घरी आली. सीमाचं बिऱ्हाड परत तिथंच आलं होतं. डोकं झाकलेलं, हातात केळ्यांचा घड. रूथनं दार उघडलं आणि दारातच उभी राहिली.

"आत तरी घेशील की नाही?"

"ये."

सीमा आतल्या खोलीत पडली होती. दोघी स्वयंपाकघरात बसल्या. चहा झाला. मिरियमनं कपाला हात लावला नाही.

"रूथ, मी माफी मागायला आलेली नाही. माफी मागून काय होतंय? एक सांगायला आले. वकील भेटला आमचा. त्यानं सगळ्यांच्या जबाबांतले आकडे मिळवून बेरीज केली. नऊ हजार सहाशे."

"मग?"

"दहा हजाराची एक रेघ असते म्हणे. त्याच्या आत असेल तर केस इथल्या इथं, मॅजिस्ट्रेटपुढं. झाली शिक्षा तर थोडे महिने, कदाचित तेही नाही, समाजसेवा करायला लावतील. पण रेघेच्या वर गेलं की मोठी रक्कम धरतात. मग क्राउन कोर्ट. ज्युरी. तिथं वर्षांची गोष्ट असते गं." तिचा आवाज फाटला. "बायपास झालेला माणूस आहे तो. वर्षं नाही काढायचा."

हे कुठे चाललंय ते रूथला कळायला लागलं होतं.

"तू पागडीचं बोलली नाहीस," मिरियम म्हणाली. "कुणीच बोललं नाही. देव तुमचं भलं करो. नुसते तुझे आठशे मिळवले तरी रेघ ओलांडते. रूथ, तशीच गप्प राहा. एवढंच मागते."

"आणि माझे पैसे?"

"बाहेर राहिला तरच देईल ना? आत गेला तर कोण देणार? मी? मी शाळेत पोरांना जेवण वाढते."

खोटं नव्हतं त्यात काही. म्हणूनच रूथला राग आला.

"तुला माहीत होतं का?" तिनं विचारलं. "मलिद्याच्या दिवशी. ती जागा तुमची नाही, हे?"

मिरियम केळ्यांचा देठ सोलत बसली. "गुरुवारी इथं जवळच एका जागेत मलिदा करतोय," ती म्हणाली. "सेव्हन किंग्जला. सुटकेचा नवस बोललेत ते. काका येणार आहेत. सगळे येणार आहेत, मन साफ करायला. तू ये. पोहे तुझ्याशिवाय कुणाला जमत नाहीत."

"मी काय विचारलं?"

"ये तू," म्हणून मिरियम उठली.

ती गेली आणि सीमा बाहेर आली. भिंती कसल्या तिथल्या, पुठ्ठ्याच्या. सगळं ऐकलेलं.

"मम्मी, तू पोलिसला खोटा बोललीस?"

"खोटं नाही. थोडं कमी."

"दॅट्स लाइंग, मम्मी."

"तुझ्या मावशीसारखी आहे ती. तिच्या नवऱ्याला मी तुरुंगात घालू?"

"त्याने घातला स्वतःला! आय ॲम हॅविंग अ बेबी ऑन युअर सोफा!" सीमा ओरडली, आणि मग रडायला लागली, आणि रडता रडता मिरियमनं आणलेलं केळं सोलून खायला लागली. सहाव्या महिन्यात भूक कुणाचं ऐकत नाही.

रूथनं मनाशी ठरवलं होतं की गप्प राहायचं. खरंच ठरवलं होतं. लाँड्रीत चादरींच्या घड्या घालता घालता तिनं स्वतःला समजावलं, की आठशे गेले ते गेले. माणूस आयुष्यात फसतो एकदा. भायखळ्याच्या चाळीत तिच्या आईला टायफॉइड झाला तेव्हा मिरियमच्या आईनं भात पोचवला होता रोज. ते आठशे पौंडात मोजायचं का? नाही मोजायचं. आणि गुरुवारी ती गेली.

सेव्हन किंग्जची जागा तळमजल्यावर होती. दोन खोल्या, मागं थोडं गवत. नवा रंग. जाजम तेच होतं, मार्चमधलं. काका भिंतीला टेकून बसले होते, टोपी गुडघ्यावर. जिन्यातली बाकीची दोन्ही कुटुंबंही होती, आपापल्या कोपऱ्यात. कुणी कुणाशी बोलत नव्हतं, पण सगळे आले होते. मलिद्याचं बोलावणं कुणी मोडत नाही.

हिलेल मात्र घरभर फिरत होता. गोरापान, पोट पुढं, अंगावर इस्त्रीचा शर्ट. "या या रूथबाय! तुमच्याशिवाय देवसुद्धा जेवत नाही! काय हो काका, काठीला नवी टाच बसवली काय? अहो लाकडाचा भाव वाढलाय, जपून टेका!"

काका हसले नाहीत. पण उठूनही गेले नाहीत.

रूथ परातीपुढं बसली, पोह्यांत हात घातला. मिरियम शेजारी नारळ खवत होती, मान खाली.

तेवढ्यात एक पोरगी आली नवऱ्याबरोबर. पंचविशीची असेल, अंगावर मुंबईची साडी आणि वर इथला स्वेटर, पायात चप्पल. हिलेलनं तिला सगळ्यांना दाखवली. "ही सुमन रोहेकर. ठाण्याहून आलीत, दोन महिने झाले. पाहुण्यांकडे राहतात बिचारी. म्हटलं, आपली माणसं आहेत, आपण नाही बघायचं तर कुणी बघायचं?"

रूथचा हात परातीत थांबला.

तिनं खोलीभर नजर टाकली. नवा रंग. तेच जाजम. भिंतीला टेकलेले काका, ज्यांचे पैसे बुडाले. त्या कोपऱ्यातले, त्यांचे बुडाले. हा माणूस त्यांना इथं का बसवतोय? मन साफ करायला? नाही हो. दाखवायला. बघा, ज्यांना म्हणे मी फसवलं तेच माझ्या जाजमावर बसलेत, माझा मलिदा खातायत. दुकानदार कसा पाटी लावतो, तसं त्यानं आम्हाला लावलं. आणि पोहे कोण कालवतंय? मी.

काकांनी प्रार्थना सुरू केली. एलियाहू हनबीचं नाव घेतलं. सगळ्यांनी आमेन म्हटलं. खजुराचं ताट फिरलं, मग केळ्यांचं. सुमन सरकत सरकत रूथच्या बाजूला आली. हळूच म्हणाली, "मावशी, तुम्ही ह्यांना पूर्वीपासून ओळखता ना?"

"ओळखते."

"नाही म्हणजे, पाहुणे म्हणत होते की काहीतरी कोर्टाचं आहे. पण हे म्हणतात घरमालकाशी वाद आहे, मिटेल. आणि तुम्ही सगळे आलात म्हणजे..." ती हसली, लाजून. "भरवशाचे आहेत ना? आमचं सगळं आहे हो त्यात."

तिच्या मांडीवर पर्स होती. दोन्ही हातांनी धरलेली. पर्सचं तोंड बंद होत नव्हतं इतका जाड लिफाफा.

रूथनं वर बघितलं. समोरून हिलेल बघत होता. ताट हातात, हसू जागच्या जागी. त्यानं फक्त भुवई थोडी उचलली. रूथला ती भुवई नीट वाचता आली. जिन्यातल्या त्या प्रकाराच्या दुसऱ्या दिवशी फोनवर तो बोललाच होता, गोड आवाजात, "पागडीचं बाहेर काढू नका हां रूथबाय. देणारा आणि घेणारा, दोघं सारखेच गुन्हेगार. सीमाची डिलिव्हरी व्हायची आहे, तुम्ही कुठे आत जाऊन बसता?"

बाजूला मिरियमची खवणी थांबली होती.

"मावशी?" सुमन म्हणाली.

आणि रूथ मोठ्यानं बोलली. इतक्या मोठ्यानं की तिचं तिलाच दचकायला झालं.

"पागडी किती सांगितली गं तुला?"

काकांच्या हातातला खजूर तोंडापाशी राहिला.

"अं?" सुमन गोंधळली. "नऊशे. पण हे म्हणाले कुणाला..."

"कुणाला सांगायचं नाही. माहीत आहे. मला आठशे सांगितली होती. काका, तुम्हाला?"

"रूथबाय," हिलेल हसत हसत पुढं आला, "देवाच्या ताटापुढं पैशाच्या गोष्टी? शोभतं का?"

"तुम्ही गप्प बसा हो! काका, मी तुम्हाला विचारते. किती दिलेत?"

एलिएझरकाका. आयुष्यभर लोकांना खरं बोला सांगत आलेला माणूस. त्यांनी खजूर खाली ठेवला. डोळे मिटले.

"सातशे," ते म्हणाले.

कोपऱ्यातून एक आकडा आला. मग दुसऱ्या कोपऱ्यातून. सुमन एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. तिच्या नवऱ्यानं तिच्या हातातली पर्स काढून स्वतःच्या छातीशी धरली.

"आणि ही जागा कुणाची?" रूथनं विचारलं. हिलेलला नाही. मिरियमला. "आज तरी सांग. ही कुणाची?"

हिलेल ओरडला, "मिरियम, आत जा!"

मिरियम उठली नाही. "एका डॉक्टरीणबाईची," ती म्हणाली. "सुट्टीवर गेलीय. रंग द्यायचं काम यांना दिलंय."

"आणि मार्चमधली?"

"माहीत होतं," मिरियम म्हणाली. "नारळ खवताना माहीत होतं मला."

रूथ उठली. हाताला पोहे चिकटलेले होते, ते तिनं पुसलेही नाहीत. हिलेल दारात आडवा उभा राहिला, अगदी जवळ. चेहऱ्यावरचं हसू आता नव्हतं. "जाऊन सांगा," तो दात दाबून म्हणाला, "आधी तुम्हालाच बेड्या घालतील. पागडी दिलीत तुम्ही. रोख. जावयाला काय सांगाल?"

"बाजूला व्हा."

"माझं ऐका..."

"हिलेल," मागून काका म्हणाले. काठी टेकत उभे राहिले होते ते. "तिला जाऊ दे."

पोलीस स्टेशन बसनं जवळच. रूथ उभीच राहिली बसमध्ये. जागा होती, पण एकदा बसली असती तर पुन्हा उठणं झालं नसतं तिच्यानं. सीमाला कळवावं का? नको. बेड्या घातल्या तर मग कळेलच. लाँड्रीतली नोकरी जाईल, हे तिनं धरूनच ठेवलं.

तिथला सार्जंट जाडा, टकला होता. जबाब घेतला तेव्हा हाच होता. तिनं खुर्चीत बसल्या बसल्या सांगून टाकलं. आणखी आठशे दिले. रोख. लिफाफ्यात. आधी सांगितले नाहीत.

"कशाचे?" त्यानं विचारलं.

आता पागडीला इंग्रजीत काय म्हणायचं? ती अडखळली. शेवटी म्हणाली, घरात पाऊल टाकू देण्याचे. भाड्याच्या वरचे. आमच्याकडे असतं तसं.

त्यानं लिहून घेतलं. बाकीच्यांनीही दिलेत, नवीन एकीकडे मागितलेत, तेही लिहिलं. मग पेन खाली ठेवलं.

"मला आता पकडणार का?" रूथनं विचारलं. दोन्ही हात टेबलावर ठेवले होते तिनं. तयारीत.

"कशासाठी?"

"दिले म्हणून."

सार्जंटनं तिच्याकडे बघितलं, मग टेबलावरच्या त्या हातांकडे, नखांत अडकलेल्या पोह्यांकडे. "बाई," तो म्हणाला, "तुम्हाला लुटलंय. लुटलेल्या माणसाला आम्ही नाही पकडत." आणि चहा मागवला तिच्यासाठी. दूध जास्त, साखर नाही, पण गरम होता.

म्हणजे हिलेलची ती धमकीसुद्धा खोटीच होती, त्या जागांसारखी. त्या धमकीपायी ती इतके दिवस गप्प राहिली होती. चहा पिता पिता रूथला हसू आलं, आणि मग बराच वेळ डोळे पुसावे लागले.

"ह्यानं काय फरक पडेल?" तिनं विचारलं. उत्तर तिला माहीत होतं, तरी.

"मोठा," सार्जंट म्हणाला. "आता हे वर जाईल. क्राउन कोर्टाला."

ती बाहेर आली तेव्हा आतल्या बाकावर एलिएझरकाका बसले होते, टोपी हातात. "कुणाला भेटायचं असतं गं आत?" त्यांनी विचारलं. तिनं दार दाखवलं. काका काठी टेकत गेले.

आणि बाहेर, पायऱ्यांच्या खाली, भिंतीच्या कठड्यावर मिरियम बसलेली. डोक्यावरचा रुमाल सुटलेला. हाताला अजून खोबऱ्याचा कीस.

रूथ थांबली. वाटलं, ही आता शिव्या घालील. घालू दे.

"किती सांगितलेस?" मिरियमनं विचारलं.

"जेवढे दिले तेवढे."

मिरियमनं मान हलवली. रस्त्यावरून दोन बसेस गेल्या. तिसरी दिसायला लागली तेव्हा ती म्हणाली, "मला तू आवडत नाहीस आत्ता. पुढंही आवडशील असं वाटत नाही."

"बरं."

"पण मला एकटीला घरी जायचं नाही. तो तिथं आहे."

रूथनं तिच्याकडे बघितलं. मग पिशवीतून रुमाल काढला आणि तिच्या हातावरचा खोबऱ्याचा कीस पुसला, एक एक बोट धरून, लहान पोराचं पुसतात तसा.

"सोफ्यावर सीमा झोपते," ती म्हणाली. "तू माझ्याबरोबर खाली झोप. घोरलीस तर लाथ घालीन."

बस थांबली. दोघी चढल्या. या वेळी रूथ बसली.